विंडोज ११ दर नव्या आवृत्तीला अडतं? असेंबल केलेल्या जुन्या पीसीवर नेमकं काय तपासायचं

लॅमिंग्टन रोडवरून २०१६ ते २०१८ च्या दरम्यान असेंबल करून आणलेले डेस्कटॉप मुंबईत अजून हजारोंनी चालू आहेत. एच११० चिपसेटचा बोर्ड, सहाव्या किंवा सातव्या पिढीचा आय-थ्री नाहीतर आय-फाइव्ह, ८ जीबी डीडीआर-४ रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क आणि मागाहून लावलेला २४० जीबीचा एसएसडी. दादरचं सीएचं ऑफिस असो की डोंबिवलीतला क्लास, टॅली, एक्सेल आणि ब्राउझर एवढंच काम असेल तर या मशीनला आजही काही झालेलं नाही. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ही मशीन बसत नाहीत.

मग कुणीतरी जुगाड करून विंडोज ११ घालून देतं. महिन्याचे अपडेट येत राहतात, सगळं ठीक वाटतं. नवी आवृत्ती आली की मात्र गाडी अडते: अपडेट दिसतच नाही, किंवा ‘हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही’ असा संदेश येतो, किंवा इन्स्टॉल अर्ध्यावर जाऊन मागे फिरतं. वर्षभराने पुन्हा तेच. कारण साधं आहे. जुगाडाने तपासणी त्या एका वेळेपुरती चुकवलेली असते, आणि सेटअप ती प्रत्येक मोठ्या आवृत्तीला नव्याने करतो. त्यामुळे बायपासच्या मागे लागण्याआधी आपलं मशीन नेमकं कशामुळे नापास होतंय ते शोधा. बहुतेक वेळा चारपैकी तीन गोष्टी (टीपीएम ही सुरक्षेची चिप, जुन्या बायोसच्या जागी आलेली यूईएफआय पद्धत, आणि सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारं सिक्युअर बूट) मशीनमध्ये असतात, फक्त बंद करून ठेवलेल्या असतात. खरोखर चुकवावी लागते ती एकच, प्रोसेसरची पिढी.

(आज्ञा आणि मेनूची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत; टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग.)

आधी तीन ठिकाणी बघा

विंडोज आणि आर दाबून ‘एमएसइन्फो३२’ चालवा. उजवीकडे ‘बायोस मोड’ या ओळीत ‘लेगसी’ आहे की ‘यूईएफआय’ ते बघा. त्याच यादीत ‘सिक्युअर बूट स्टेट’ आणि मदरबोर्डचं मॉडेलही मिळेल. मॉडेल लिहून ठेवा, पुढे लागेल.

मग ‘टीपीएम डॉट एमएससी’ चालवा. ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०’ दिसलं तर टीपीएमचा प्रश्न नाही. ‘कम्पॅटिबल टीपीएम सापडत नाही’ असं आलं तर लगेच ‘आपल्यात टीपीएम नाही’ असं धरून चालू नका. बहुधा तो बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, बंद आहे.

तिसरं, डिस्क मॅनेजमेंट उघडा. ‘डिस्क ०’ वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘व्हॉल्यूम्स’, तिथे ‘पार्टिशन स्टाइल’. एमबीआर (डिस्कवरचे भाग नोंदवण्याची जुनी पद्धत; नवी ती जीपीटी) असेल तर काम वाढलं. याच खिडकीत आणखी एक गोष्ट डोळ्यांखालून घाला: ‘सिस्टम’ आणि ‘बूट’ हे दोन शब्द एकाच डिस्कवर आहेत की वेगवेगळ्या? हे का, ते पुढे येतं.

प्रोसेसरची यादी थोडक्यात: डेस्कटॉपमध्ये इंटेलची आठवी पिढी आणि पुढची, एएमडीत रायझन २००० आणि पुढचे. यात एक मेख आहे. रायझन ३ २२००जी आणि रायझन ५ २४००जी या नावात २००० असूनही आतून पहिल्या झेन पिढीच्याच आहेत आणि यादीत नाहीत. आपल्याकडे कमी बजेटच्या मशीनमध्ये या दोन्ही भरपूर विकल्या गेल्या, त्यामुळे ‘माझं तर रायझन २००० आहे’ म्हणणारे इथेच फसतात.

टीपीएम: आहे, पण झोपलेला

सहाव्या-सातव्या पिढीच्या बहुतेक बोर्डांवर वेगळी चिप नसली तरी फर्मवेअरमध्येच इंटेलची पीटीटी नावाची सोय असते, आणि एएमडीच्या एएम-४ बोर्डांवर एफटीपीएम. दोन्ही टीपीएम २.० म्हणूनच मोजले जातात. फॅक्टरीतून ते बंद येतात आणि मशीन जोडणारा ते चालू करायच्या भानगडीत पडत नाही.

गिगाबाइटच्या बोर्डवर ‘पेरिफेरल्स’मध्ये ‘इंटेल प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी’ शोधा. असूसवर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, मग ‘पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशन’, तिथे पीटीटी चालू करा. एएमडी असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्येच ‘एएमडी एफटीपीएम कॉन्फिगरेशन’. एमएसआयवर ‘सेटिंग्ज’, ‘सिक्युरिटी’, ‘ट्रस्टेड कम्प्युटिंग’, तिथे ‘सिक्युरिटी डिव्हाइस सपोर्ट’ चालू करून खाली पीटीटी निवडा. पर्याय दिसलाच नाही तर बोर्डाच्या कंपनीच्या पानावरून शेवटचा बायोस घ्या. काही मॉडेलना ही सोय नंतरच्या बायोसमध्ये मिळाली. चौथ्या पिढीच्या, म्हणजे एच८१ वगैरे बोर्डांवर मात्र हा पर्याय बहुतेक ठिकाणी नसतोच, तिथे शोधत बसू नका.

रायझनवाल्यांसाठी एक जास्तीची सूचना. एफटीपीएम चालू केल्यावर मशीन मधूनच क्षणभर अडखळतं, आवाजही तुटतो, ही त्या काळच्या फर्मवेअरची माहीत असलेली खोड होती. २०२२ च्या मध्यानंतर आलेल्या बायोसमध्ये ती दुरुस्त झाली. म्हणून आधी बायोस अपडेट, मग एफटीपीएम.

बायोस फ्लॅश करताना यूपीएसवर विसंबून राहू नका, आधी तो तपासा. टेबलाखाली वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ६०० व्हीएच्या यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते, दिवा मात्र हिरवा असतो. भिंतीवरचा स्विच बंद करून, मॉनिटरसकट मशीन पाच मिनिटं तग धरतं का बघा. विशेषतः कल्याण-वसईच्या पुढे, पावसाळ्यात.

एमबीआरची डिस्क, आणि सी-डी-ई ची सवय

सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग हा. टीपीएम आणि सिक्युअर बूट नीट हवं असेल तर मशीन यूईएफआय मोडमध्ये सुरू व्हायला हवं, आणि त्यासाठी बूटची डिस्क जीपीटी हवी. बहुतेक असेंबल मशीन विंडोज ७ च्या काळातल्या सवयीने लेगसी मोडमध्ये, एमबीआर डिस्कवर घातलेल्या असतात.

डिस्क न पुसता बदलण्यासाठी विंडोज १० मध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन आहे. बॅकअप घ्या; हे काम पार्टिशन टेबलवर होतं, मध्ये वीज गेली तर डेटा जाऊ शकतो. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि आधी फक्त तपासणी करा:

एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:० /अलाउफुलओएस

प्रत्येक स्लॅशच्या आधी एक स्पेस, बाकी कुठे नाही. ‘व्हॅलिडेशन कम्प्लीटेड सक्सेसफुली’ आलं की ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ घालून तीच ओळ पुन्हा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर आधी तो सस्पेंड करा.

व्हॅलिडेशन नापास होण्याची कारणं मुंबईतल्या मशीनवर ठरलेली असतात.

पहिलं कारण आपली सी, डी, ई करण्याची पद्धत. या साधनाला यूईएफआयसाठी एक नवं छोटं पार्टिशन बनवायचं असतं, म्हणून डिस्कवर जास्तीत जास्त तीनच प्रायमरी पार्टिशन चालतात आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल एकही चालत नाही. आता मोजा: ५०० एमबीचं ‘सिस्टम रिझर्व्हड’, मग सी, डी, ई. झाले चार. किंवा ई लॉजिकल आहे, म्हणजे तरीही नापास. यावर चलाखी नाही. ई मधला माल बाहेरच्या डिस्कवर न्या, ई पुसा आणि पुन्हा व्हॅलिडेट करा. बदल झाल्यावर त्या जागेत ई परत बनवता येतो, जीपीटीला चारची मर्यादा नाही. लॉजिकल पार्टिशन पुसल्यावर उरलेली एक्स्टेंडेडची रिकामी चौकटही वेगळी पुसावी लागते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती हिरव्या कडेची ‘फ्री स्पेस’ म्हणून दिसते; काळ्या पट्टीचं ‘अनअ‍ॅलोकेटेड’ झालं की खरं पुसलं गेलं.

दुसरं कारण जास्त छुपं. मागाहून एसएसडी लावला, त्यावर विंडोज घातलं, पण घालताना जुनी हार्ड डिस्क जोडलेलीच होती. तेव्हा सेटअपने विंडोज एसएसडीवर ठेवलं आणि बूटच्या फाइली जुन्या डिस्कच्या ‘सिस्टम रिझर्व्हड’मध्ये. एरवी कळतही नाही. मशीन चालतं, पण हार्ड डिस्कची केबल काढली की ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. एमबीआर२जीपीटी अशा एसएसडीवर ‘ओएस पार्टिशन सापडलं नाही’ म्हणून हात वर करतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘सिस्टम’ हार्ड डिस्कवर आणि ‘बूट’ एसएसडीवर दिसत असेल तर हेच झालंय. उपाय असा: डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर राइट क्लिक करून ‘मार्क पार्टिशन अ‍ॅज अ‍ॅक्टिव्ह’; मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस सी: /एफ बायोस

मशीन बंद करा, हार्ड डिस्कची साटा केबल काढा, एसएसडीवरूनच सुरू होतंय ना ते बघा. सुरू झालं तर केबल तशीच काढलेली ठेवून एमबीआर२जीपीटी चालवा. सगळं आटोपल्यावर हार्ड डिस्क परत जोडा. ती डेटाची डिस्क एमबीआर राहिली तरी बिघडत नाही.

क्रम चुकवू नका, कारण इथे सर्वात जास्त घबराट होते. आधी डिस्क जीपीटी, मग बायोसमध्ये सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद. उलट केलं तर डिस्क बूटच्या यादीतून गायब होते आणि मालकाला वाटतं डिस्क गेली. काही गेलेलं नसतं. सीएसएम परत चालू करा, मशीन पूर्ववत.

सीएसएम गिगाबाइटवर ‘बायोस’ टॅबमध्ये, असूसवर ‘बूट’मध्ये ‘लाँच सीएसएम’ म्हणून मिळतो. बंद केल्यावर बूटच्या यादीत डिस्कच्या नावाऐवजी ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसायला हवं. तेच पहिलं ठेवा. विंडोज १० पूर्ण सुरू झालं आणि एमएसइन्फोमध्ये ‘यूईएफआय’ दिसलं की अर्धं काम झालं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रीएजंटसी /एनेबल’ एकदा चालवून रिकव्हरीही जागेवर आणा, या बदलात ती कधी कधी सुटते.

सीएसएम बंद करताच स्क्रीन काळी

जुनं ग्राफिक्स कार्ड. साधारण २०१२ च्या आधीच्या कार्डांमध्ये यूईएफआयला लागणारा जीओपी हा भाग नसतो, म्हणून सीएसएमशिवाय ती चित्रच दाखवत नाहीत. काही बोर्ड हे ओळखून सीएसएम गुपचूप परत चालू करतात, आणि ‘मी बंद केलं तरी ते चालूच होतं’ ही तक्रार त्यातूनच येते. कार्ड काढा आणि मॉनिटर मदरबोर्डच्या व्हीजीए किंवा एचडीएमआयला जोडा. सातव्या पिढीच्या आय-फाइव्हमधलं एचडी ६३० हे ऑफिसच्या कामाला जीटी ६१० पेक्षा उजवंच आहे, त्यामुळे ते कार्ड परत लावायची गरजही नाही. जुन्या रायझनमध्ये, नावापुढे ‘जी’ नसेल तर, आत ग्राफिक्स नसतं; तिथे कार्डच बदलावं लागेल.

सिक्युअर बूट चालू केलं तरी गिगाबाइटवर ‘एनेबल्ड’ आणि बाजूला ‘नॉट अ‍ॅक्टिव्ह’ असं राहतं, कारण किल्ल्या भरलेल्या नसतात. मोड ‘कस्टम’ करून परत ‘स्टँडर्ड’ करा, फॅक्टरीच्या किल्ल्या भरायच्या का विचारेल, हो म्हणा. ही पायरी जमलीच नाही तरी पुढे जाता येतं. सिक्युअर बूटची अट बायपास होते. शिवाय या बोर्डांमधली मायक्रोसॉफ्टची २०११ ची सर्टिफिकेटं जून २०२६ पासून मुदत ओलांडायला लागतात आणि इतक्या जुन्या बोर्डांना नवा बायोस येईलच असं नाही. त्याने मशीन सुरू व्हायचं थांबत नाही, पण सिक्युअर बूटवर फार जीव टाकण्यातही अर्थ नाही.

आता फक्त प्रोसेसर उरला

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ, म्हणजे अख्खं सेटअप असलेली एक फाइल, थेट उतरवा. ‘आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेली’ किंवा ‘हलकी केलेली’ आयएसओ कुणी पेन ड्राइव्हवर दिली तर घेऊ नका. अशा आयएसओमध्ये अनेकदा अपडेटचे भागच कापलेले असतात, आणि पुढच्या वर्षी अडण्याची सोय आजच करून ठेवली जाते.

आयएसओ निवडताना भाषा जुळवा. ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ आणि ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ या दोन वेगळ्या आहेत. मशीनवर एक आणि आयएसओ दुसरी असेल तर सेटअपमध्ये ‘फाइली आणि प्रोग्रॅम ठेवा’ हा पर्याय धूसर होतो, आणि टॅलीसकट सगळं नव्याने घालायची वेळ येते. ‘डिझम /ऑनलाइन /गेट-इंटल’ चालवून ‘डिफॉल्ट सिस्टम यूआय लँग्वेज’ बघा: ‘ईएन-यूएस’ असेल तर युनायटेड स्टेट्स, ‘ईएन-जीबी’ असेल तर इंटरनॅशनल. विंडोज १० जर ३२ बिटचं असेल तर प्रश्नच मिटला, वरच्यावर अपग्रेड होत नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये आहे.

पेन ड्राइव्ह १६ जीबीचा घ्या. आयएसओ उघडून फाइली नुसत्या कॉपी करू नका. त्यातली ‘इन्स्टॉल’ नावाची मोठी फाइल ४ जीबीच्या वर आहे आणि फॅट-३२ वर ती मावत नाही. रुफस हे बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवणारं साधन वापरा, आवृत्ती ४.६ किंवा नंतरचीच. पार्टिशन स्कीम ‘जीपीटी’, टार्गेट ‘यूईएफआय’. स्टार्ट दाबल्यावर येणाऱ्या खिडकीत ४ जीबी रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएमची अट काढायचा चौकोन टिक करा. ४.६ च्या आधीच्या रुफसने बनवलेला पेन ड्राइव्ह नव्याने बूट करून घालताना चालतो, पण चालू विंडोजमधून अपग्रेड करताना २४एच२ (विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती) च्या तपासणीत पकडला जातो. ‘मागच्या वर्षी हाच पेन ड्राइव्ह चालला होता’ याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

टीपीएम चालू झालेला असेल, अगदी १.२ असला तरी, तर रजिस्ट्रीचा मार्गही आहे. मायक्रोसॉफ्टने तो पूर्वी स्वतःच दिला होता, नंतर पानावरून काढून टाकला. एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टम, सेटअप, मोसेटअप; तिथे ३२ बिटचा नवा डीवर्ड, नाव ‘अलाउ अपग्रेड्स विथ अनसपोर्टेड टीपीएम ऑर सीपीयू’, सगळे शब्द सलग, किंमत १. मग आयएसओ माउंट करून सेटअप चालवला की इशारा येतो, तो स्वीकारला की पुढे जातं.

सेटअप चालवण्याआधी सी वर किमान ३० जीबी मोकळी करा. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस काढा, नुसता बंद करून भागत नाही. प्रिंटर, वायफायचा डाँगल, डिजिटल सहीचा टोकन, डीटीपीवाल्यांकडचं जुनं हार्डवेअर लॉक, सगळं यूएसबीतून उपसा. कीबोर्ड आणि माउस सोडून. सेटअपच्या पहिल्या पानावर अपडेट उतरवण्याबद्दल विचारतं तिथे ‘आत्ता नको’ निवडा.

मागे फिरलं तर

कोडकडे बघा, अंदाज करू नका. ‘०एक्ससी१९००१०१’ ने सुरू होणारा कोणताही कोड म्हणजे ड्रायव्हर. साटा किंवा ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर, नाहीतर काढायचा राहिलेला डाँगल. ‘०एक्ससी१९००२००’ म्हणजे तपासणी चुकलीच नाही. पेन ड्राइव्ह किंवा रजिस्ट्रीत गडबड. ‘०एक्ससी१९००२०८’ म्हणजे एखादा प्रोग्रॅम आडवा येतोय.

‘०एक्ससी१९००१०४’ किंवा ‘सिस्टम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ हा वेगळा प्राणी आहे. यूईएफआयचं १०० एमबीचं पार्टिशन भरलेलं असतं. त्यातल्या फॉन्टच्या फाइली पुसल्या तर चालतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘माउंटव्हॉल वाय: /एस’, मग ‘वाय:’, मग ‘सीडी ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट\फॉन्ट्स’, आणि तिथेच, दुसरीकडे कुठेही नाही, ‘डेल *.*’. प्रॉम्प्टमध्ये शेवटी फॉन्ट्स दिसतंय याची खात्री केल्याशिवाय एंटर दाबू नका.

कोडने समाधान झालं नाही तर सी ड्राइव्हवरच्या लपलेल्या ‘$विंडोज.~बीटी’ फोल्डरमध्ये ‘सोर्सेस’, त्यात ‘पँथर’, त्यात ‘सेटअपएरर’ नावाचा लॉग. शेवटच्या वीस-पंचवीस ओळींत बहुतेक वेळा ड्रायव्हरचं नाव मिळतं.

आणि दरवेळी वेगळ्याच टक्क्याला पडत असेल, एकदा ३५ वर, एकदा ७० वर, तर सॉफ्टवेअरचा पिच्छा सोडा. रॅम काढा, सोनेरी पाय खोडरबरने पुसा, स्लॉट ब्रशने झाडा, मेमरी टेस्ट पूर्ण होऊ द्या. खाडीकाठच्या आणि समुद्राजवळच्या घरांत हे वर्षातून एकदा करावंच लागतं.

चालू असलेलं मशीन अचानक पिन नाकारतं

नवी आवृत्ती व्यवस्थित बसली, आणि काही महिन्यांनी एका सकाळी ‘काहीतरी झालं, तुमचा पिन उपलब्ध नाही’ असं येतं. किंवा निळ्या पडद्यावर बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. किंवा इंटरनेट आहे, पण एकही साइट उघडत नाही आणि अपडेटला ‘०एक्स८००७२एफ८एफ’ येतं. लोक विंडोज नव्याने घालतात. घड्याळाकडे कुणी बघत नाही.

हा मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ सेलचा खेळ आहे. सेल उतरला की बायोस मूळ सेटिंगवर जातो: पीटीटी बंद, सीएसएम चालू, तारीख मागे. टीपीएम दिसेनासा झाला म्हणून पिन चालत नाही आणि बिटलॉकर की मागतो. तारीख चुकली म्हणून साइट उघडत नाहीत. साटा मोड बदलला असेल तर विंडोज सुरूच होत नाही, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येऊन फिरत राहतं. मशीनला वीज जोडलेली असते तेव्हा घड्याळ एसएमपीएसच्या ५ व्होल्ट स्टँडबायवर चालतं, सेल फारसा खर्च होत नाही. पण रात्री ऑफिसचा मेन स्विच पाडून जायची पद्धत जिथे आहे, तिथे रोज दहा-बारा तास सगळा भार सेलवर येतो. आठ-नऊ वर्षांच्या बोर्डवरचा मूळ सेल तसाही संपलेलाच असतो.

मल्टिमीटरने मोजा, नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, २.८ च्या खाली गेला तर बदला. बदलल्यावर तारीख, पीटीटी, सीएसएम, साटा मोड एएचसीआय, बूटमध्ये विंडोज बूट मॅनेजर, हे सगळं पुन्हा लावा. पीटीटी परत चालू करताच पिन बहुधा आपोआप चालायला लागतो. बायोसमध्ये ‘टीपीएम क्लिअर’ करायचं विचारलं तर मात्र नाही म्हणा. ते केलं तर त्यातल्या किल्ल्या गेल्या, मग रिकव्हरी की शिवाय डिस्क उघडणार नाही. काम पूर्ण झाल्याच्या दिवशीच बायोसच्या या चार-पाच पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि केसच्या आत आजची तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावा.

रिकव्हरी कीचं आणखी एक. २४एच२ पासून, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नव्याने घातलेल्या विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं, होम आवृत्तीतही. आपण काही चालू केलंच नाही म्हणणाऱ्याचीही डिस्क कुलूपबंद असू शकते. की त्या अकाउंटमध्ये साठवलेली असते. अकाउंट मशीन बसवून देणाऱ्याच्या ईमेलवर असेल तर की त्याच्याकडे. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली हे आत्ताच बघून घ्या, आणि बायोस अपडेट करण्याआधी ते बंद किंवा सस्पेंड करा.

कुठे नादी लागू नये

एलजीए ७७५ चे बोर्ड, म्हणजे जी३१, जी४१ वर कोअर टू ड्युओ किंवा क्वाड. २४एच२ पासून विंडोजला एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना प्रोसेसरमध्येच लागतात, त्या यांच्यात नाहीत. रुफस, रजिस्ट्री, काहीही केलं तरी लोगोवरून पुढे जाणार नाही. एएमडीचे फेनॉम आणि त्या पिढीचे अ‍ॅथलॉनही यातच. तिथे लिनक्स मिंट घाला. ज्याला विंडोजच हवं त्याने विंडोज १० च्या अपडेट सेटिंगमधून ईएसयूची (सपोर्ट संपल्यानंतरच्या वाढीव सुरक्षा अपडेटची) नोंदणी करावी, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं.

दुसऱ्या ते पाचव्या पिढीवर, टीपीएम नसताना, बायपासने विंडोज ११ चालतं. एसएसडी आणि ८ जीबी रॅम नसेल तर मात्र करू नका. हार्ड डिस्कवर ते डिस्क १०० टक्के दाखवत बसतं आणि शिव्या आपल्याला पडतात. ज्या मशीनवरून पगाराची बँकिंग किंवा जीएसटी भरणा होतो त्यावर हा प्रयोग मनाला पटत नाही. असमर्थित मशीनला सुरक्षा अपडेट मिळत राहतीलच याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टने पहिल्यापासून लिहून ठेवलंय. आज मिळतात, एवढंच.

पुढच्या आवृत्तीला विंडोज अपडेटची वाट बघू नका, या मशीनना ती तिथे बहुतेक येतच नाही. ‘विनव्हर’ चालवून आवृत्ती बघा: २३एच२ होम आणि प्रोचा सपोर्ट ११ नोव्हेंबर २०२५ ला संपला, २४एच२ चा १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो. मुदतीच्या दोनेक महिने आधी नवी आयएसओ, नवा रुफस, तोच क्रम. मागे फिरण्याची सोय एरवी १० दिवसच राहते, म्हणून अपग्रेड झाल्या झाल्या ‘डिझम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६०’ चालवून ती ६० दिवसांची करा, आणि तोवर जागा मोकळी करायच्या नादात ‘विंडोज.ओल्ड’ पुसू नका.